काताच्या रंगाची चिंधी

धाकू लवू घाडी आमच्याकडे शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याच्या हातांकडे बघून मी नाक मुरडलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याच्याबद्दल पुष्कळ चांगलं लिहायचं आहे, आणि ते वाचताना मी पहिल्यापासून शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको. त्याची नखं निळी होती. बोटांच्या पेरांत किरमिजी, हिरवा, जांभळा असा कसला कसला रंग मुरलेला होता आणि तो कितीही घासला तरी जात नसे. बावीस वर्षं तो परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात होता. पन्नास सालच्या संपानंतर त्याला परत घेतलं नाही. दोन-तीन वर्षं कुठे कुठे धक्के खाऊन तो मुलुंडला आमच्या दारात आला.

आमच्या म्हणजे डॉक्टर विद्याधर सबनिसांच्या. पाच रस्त्याजवळ त्यांची दोन खोल्यांची लॅबोरेटरी होती. लोक तिला ‘रक्ताचा दवाखाना’ म्हणत. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, म्हणून तिथे रिपोर्ट लिहायला होते. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून आकडा ओरडायचे आणि मी टेबलाशी बसून लिहायची. माणूस हुशार होता, कामाला वाघ होता, फक्त आपण चुकू शकतो ही गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती.

धाकूचं काम काचा धुण्याचं, नळ्या उकळण्याचं. पण रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्याला रंग चढवावा लागतो, मगच सूक्ष्मदर्शकात पेशी नीट दिसतात. या रंगकामाचा डॉक्टरांना भारी कंटाळा. त्यांनी एकदा धाकूला ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती काळजीच मिटली. कुठल्या नळाच्या पाण्याने रंग निळसर येतो, कुठल्याने लाल, किती मिनिटांनी काच उचलायची, हे त्याने आठवड्याभरात हेरलं. शहरातले एक बडे डॉक्टर आमच्या काचा बघून म्हणाले, “सबनीस, इतकं सुरेख काम कोण करतं हो तुमच्याकडे?” आमचे डॉक्टर म्हणाले, “मीच.” धाकू मागे उभा राहून बाटल्या पुसत होता. त्याने वरसुद्धा बघितलं नाही.

आता रक्त किती चांगलं आहे हे तेव्हा कसं मोजत ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा आणि नळीतल्या आम्लात टाकायचा. रक्त तपकिरी होतं. मग त्यात थेंब थेंब पाणी घालत जायचं, शेजारच्या बंद नळीतल्या तपकिरी रंगाशी तो रंग जुळेपर्यंत. रक्त कसदार असेल तर पुष्कळ पाणी घालावं लागतं. पातळ असेल तर थोडक्या पाण्यातच रंग जुळून जातो. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. शंभराच्या आसपास म्हणजे उत्तम, साठाच्या खाली म्हणजे काळजी. ती बंद नळी हा आमचा नमुना. सगळी भिस्त तिच्यावर.

धाकूने ती नळी पहिल्या दिवशी पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. चार दिवसांनी तो घरून सुती कापडाची एक चिंधी घेऊन आला. कात उकळून, पुन्हा पुन्हा बुडवून, त्याने तिच्यावर अगदी त्या नळीतल्या रंगाचा तपकिरी चढवला होता.

“ह्यां कित्याक, धाकूमामा?” मी त्याचीच बोली उचलून चिडवलं.

“नमुन्याचो जोड, माणिकबाय,” तो म्हणाला. “रंगखात्यात असल नमुनो एकटो कधी ठेवणत नाय. जोड करून काळोखात ठेवचो. असल इटलो तर कळाक व्हया.”

असल म्हणजे मूळ नमुना, इटलो म्हणजे विटला. त्याने चिंधी काळ्या कागदात गुंडाळली आणि आपल्या पत्र्याच्या डबीत ठेवली. डॉक्टर खो खो हसले. “धाकू, रक्त तपासतोस की पानाची गादी चालवतोस रे?” मीही हसले. हसण्यात मी कुणाला हार जात नसे.

चोपन्नच्या दिवाळीत आमच्याकडे सफेदी झाली आणि ते नळ्यांचं यंत्र पश्चिमेच्या खिडकीत गेलं. तिथे दुपारनंतर उजेड झकास यायचा. धाकू एकदा म्हणाला, “सायबानू, हंय ऊन पडता.” डॉक्टर म्हणाले, “उजेडासाठीच ठेवलंय ना?” विषय संपला.

त्यानंतर एक गंमत झाली. मुलुंडच्या लोकांचं रक्त सुधारायला लागलं. गेल्या वर्षी पंचावन्न-साठीत रेंगाळणारे आकडे सत्तर-ऐंशीला जाऊ लागले. आमच्याकडे निरोगी माणूस कशाला येतोय? येणारे सगळे पिवळे, धापा टाकणारे, तापाने उतरलेले. तरी त्यांचे आकडे बरे! डॉक्टर खूश. मुलुंडची मोकळी हवा, खाडीवरचा वारा, झाडी! गिरगावातून लोक इथे हवापालटाला येतात ते काय उगाच? त्यांनी माझ्याकडून दोन वर्षांच्या आकड्यांचे तक्ते करून घेतले आणि ‘उपनगरातील मोकळी हवा आणि रक्ताची प्रत’ असा निबंध लिहिला. मे महिन्यातल्या एका रविवारी घाटकोपरला डॉक्टरांच्या मंडळात तो वाचायचा होता. मुलुंडकर म्हणून मलाही त्याचा अभिमान वाटत होता. आपली हवा चांगली, हे कुणाला ऐकायला आवडत नाही?

त्याच सुमारास घरी नलिनीवहिनीला सातवा महिना लागला होता.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा जिने धडधड उतरायची. आता एक मजला चढली की कठड्याला धरून उभी राहायची. भाकरी थापता थापता मधेच बसायची. आई म्हणायची, “आम्ही नवव्या महिन्यापर्यंत दळण दळलं. हल्लीच्या मुलींना पोटुशी राहिलं की पलंग लागतो.” आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वहिनीचे उपास चालूच. इतर दिवशी सगळ्यांची पानं उठल्यावर उरलं असेल ते खायची. याचा तिच्या धापेशी काही संबंध असेल हे रक्ताच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

एकदा तिच्या उशीखाली मला पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा सापडला. अर्ध्या कुरतडलेल्या. मी आईसमोर तो नाचवला. “बघा, वहिनी पहिलीत बसल्या!” वहिनी इतकी शरमली की दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी दादाच म्हणाला, “माणिक, हिला तुमच्याकडे ने. एकदाचं कळू दे.” मी एका संध्याकाळी तिला नेलं. धाकूने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, बोटाला सुई टोचली. थेंब बोटावर आला आणि तो त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. डॉक्टर खिडकीशी गेले, रंग जुळवला आणि ओरडले, “अडुसष्ट! गरोदरपणी एवढं चालतं. हिंडा-फिरा, कामं करा.”

मी वळणदार अक्षरात लिहिलं, अडुसष्ट टक्के. घरी गेल्यावर तो कागद आईसमोर फडकवला आणि म्हणाले, “वहिनी पहिल्या वर्गात पास! आता सोंगं पुरे.” दुसऱ्या दिवसापासून खालच्या नळावरून पाणी आणायचं काम पुन्हा तिच्याकडे आलं.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जेवायला गेले तसा धाकू माझ्या टेबलाशी आला.

“माणिकबाय, तुमच्या वहिनीचो आकडो चुकलो.”

“काय?”

“थेंब बघलंय मी. काचपण रंगवलंय. रंगखात्यात म्हणतत तसा, कापाड फिका आसा आणि वहीत गडद कसा लिवल्यात?”

मला राग आला. आकडा डॉक्टरांचा, अक्षर माझं, आणि हा काचा धुणारा माणूस आम्हाला शिकवणार! “धाकूमामा, तुम्ही तुमचं काम बघा ना. उगाच काहीतरी. ती ठणठणीत आहे, नुसती पेन्सिली खात बसते.”

“पेन्सिली?” त्याचा चेहरा एकदम बदलला. “पाटयेवरच्ये?”

“हो. का?”

“आमच्या गावाक बायका चुलीची माती खातत. बाईमाणसाक माती खावशी वाटली की समजूचा, रगात पातळ झालाहा.” त्याने डबी काढली, काळा कागद सोडला आणि ती चिंधी यंत्राच्या बंद नळीशेजारी धरली. “आता बघा.”

मी बघितलं. चिंधी होती कोऱ्या चहासारखी, आणि नळीतला रंग दूध घातल्यासारखा फिका. दोन वर्षांपूर्वी हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जात होते, हे मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं.

“उनान रंग खाल्ल्यान,” धाकू म्हणाला. “नमुनो फिको, त्येका जुळवूक पाणी जास्त लागता, म्हणान सगळ्यांचा रगात चांगला दिसता. हवा नाय आणि काय नाय.”

डॉक्टर आले. धाकूने त्यांना चिंधी दाखवली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. रविवार चार दिवसांवर होता, निबंधाच्या प्रती छापून आल्या होत्या. “ते यंत्र परदेशी आहे, धाकू. आणि ही चिंधी तू चुलीवर उकळलेली. विटली असेल ती चिंधी, गडद झाली असेल, काय वाटेल ते झालं असेल. पुन्हा या यंत्राला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस.”

धाकूने चिंधी परत गुंडाळली. संध्याकाळी जाताना तो मला एवढंच म्हणाला, “हंय सगळे आजारी येतत, म्हणान कळणा नाय. निरोगी माणसाचा रगात एकदा बघूक व्हया.”

मी घरी आले. वहिनी बादली घेऊन जिन्यात बसली होती. मधल्याच पायरीवर. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मी बादली बाजूला ठेवली आणि तिची खालची पापणी बोटाने खाली ओढली. डॉक्टर रोज रोग्यांची ओढतात, मी शंभरदा पाहिलं होतं. आतला भाग कागदासारखा पांढरा होता. मग मी घरात जाऊन आरशात माझी पापणी ओढून पाहिली. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! दोन पापण्यांत एवढा फरक, आणि मी म्हणाले होते पहिला वर्ग. मी तिथेच आरशासमोर रडले. बाळंतपणात रक्त जातंच, आणि जिच्याकडे मुळात नाहीच तिचं काय होतं ते मी दवाखान्यात ऐकून होते. दोन महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बॅडमिंटन खेळून आले. रोज खेळायचे, चेहरा कसा टवटवीत. मी उठून उभी राहिले.

“डॉक्टर, माझ्या वहिनीचं रक्त पुन्हा तपासा.”

“परवाच तपासलंय, माणिक.”

“मग तुमचं तपासा.”

“माझं? मला काय धाड भरलीय?”

“काही नाही भरलेली, म्हणूनच. मुलुंडात तुमच्याइतका निरोगी माणूस मला माहीत नाही.”

आता याला ते नाही कसं म्हणणार? त्यांनी बोट पुढे केलं. धाकूने सुई टोचली. टपोरा, काळसर लाल थेंब आला. आम्लात पडला, तपकिरी झाला. दहा मिनिटं थांबून धाकू पाण्याचे थेंब सोडू लागला आणि डॉक्टर स्वतः रंग बघू लागले. ऐंशी. नव्वद. शंभर. रंग अजून गडदच. एकशेवीस. डॉक्टरांनी चष्मा पुसला. एकशेचाळीसला नळीवरचे आकडे संपले, धाकू पाणी घालतच राहिला आणि पाणी नळीच्या काठावरून ओघळलं. रंग काही जुळेना.

“सायबानू,” धाकू हळूच म्हणाला, “तुमचा रगात नळीत मावणा नाय.”

डॉक्टर पांढरे पडले. “रक्त जास्त होण्याचाही एक आजार असतो,” ते म्हणाले आणि तिथल्या तिथे डाव्या बरगडीखाली स्वतःची प्लीहा सुजलीय का ते चाचपायला लागले! एवढी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती. मी माझं बोट पुढे केलं. माझा आकडा आला एकशे अडतीस. मी, वरण-भात खाणारी, अंगाने काडी!

“आजार दोघांना एकदम झाला का हो?” मी विचारलं.

ते खुर्चीत बसले. धाकूने न सांगता डबी उघडली. डॉक्टरांनी चिंधी घेतली, नळी घेतली आणि स्वतः उत्तरेच्या खिडकीत, जिथे ऊन येत नाही आणि रंग खरा दिसतो तिथे, जाऊन उभे राहिले. दोन्ही रंग त्यांनी शेजारी शेजारी धरले.

“गाढव,” ते म्हणाले. धाकूने मान खाली घातली. “तू नव्हे रे,” डॉक्टर वळून म्हणाले, “मी.”

हा माणूस मला त्या क्षणी पहिल्यांदा मनापासून आवडला. त्यांनी अंगातला कोटसुद्धा काढला नाही. तसेच शहरात गेले आणि एका मित्राकडून नवं यंत्र मागून आणलं. त्यातला नमुना रंगीत काचेचा होता, उन्हाने न उडणारा. तोवर धाकूने वहिनीची रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवली होती. डॉक्टरांनी पाहिली आणि मला बोलावलं. एरवी रक्तातल्या पेशी भरल्या टिकल्यांसारख्या दिसतात. वहिनीच्या लहान लहान होत्या आणि मधे पांढऱ्या, नुसत्या बांगड्या पसरल्यासारख्या.

“लोह नाही अंगात,” डॉक्टर म्हणाले. “ही काच मी बघायला हवी होती. नुसता आकडा बघून मोकळा झालो.”

आमच्या घरी येऊन त्यांनी वहिनीचं रक्त पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. आईला त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “ही अशीच बाळंत झाली असती तर घरी परत आली नसती.” आईने त्या दिवशी वहिनीचे सगळे उपास सोडवले, आणि रात्री पहिलं पान वाढलं ते वहिनीचं. स्वतः शेजारी बसून वाढलं. दादा आणि मी नंतर जेवलो.

रविवारी डॉक्टर घाटकोपरला गेले. निबंधाच्या प्रती त्यांनी नेल्या नाहीत. नेलं ते विटलेल्या नळीचं यंत्र आणि धाकूला. धुतलेला कोट घालून धाकू व्यासपीठावर अवघडून उभा राहिला आणि डॉक्टरांनी चाळीस डॉक्टरांसमोर आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग म्हणाले, “आणि माझ्याकडच्या ज्या काचांची आपण तारीफ करता, त्या हे रंगवतात. धाकू लवू घाडी.” टाळ्या थांबेनात. चिंधी हातोहात फिरली. त्यातल्या सहा जणांनी दुसऱ्याच दिवशी आपापल्या यंत्रांतल्या नळ्या तपासल्या आणि दोघांच्या विटलेल्या निघाल्या.

मी दोनशे बारा पत्रं लिहिली. दिवाळीपासून ज्यांची ज्यांची रक्तं तपासली त्या सगळ्यांना, रिपोर्ट चुकला आहे, पुन्हा या. भांडुपहून आले, ठाण्याहून आले. काही जण तावातावाने भांडायला आले आणि औषध घेऊन गेले. मोजायला आता खिडकीशी धाकू उभा राहायचा. ही डॉक्टरांचीच आज्ञा. तो ओरडत नसे. रंग जुळला की आकडा सांगायचा आणि म्हणायचा, “लिव्हा, माणिकबाय.”

वहिनीला लोहाची इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. दर आठवड्याला धाकू आकडा सांगायचा. सत्तेचाळीस. त्रेपन्न. साठ. पेन्सिलींची वासना तिसऱ्या आठवड्यात आपोआप गेली. दिवस भरत आले तेव्हा आकडा होता बहात्तर, आणि हे खरे बहात्तर होते. मी कागद घरी नेला आणि मुकाट्याने तिच्या हातात ठेवला. तिने तो वाचला, माझ्याकडे बघितलं.

“पास का, वन्सं?”

मी तिच्या गळ्यात पडले.

बाळंतपण अवघड गेलं. रक्त बरंच गेलं. पण होतं म्हणून गेलं आणि गेल्यावरही पुरून उरलं. वहिनी तेराव्या दिवशी इस्पितळातून परतली ती स्वतःच्या पायांनी जिना चढून आली, कुशीत मुलगी, आणि मधल्या पायरीवर थांबली नाही.

बारशाला धाकू आला तो दारातच उभा राहिला. आईने त्याला हाताला धरून आत आणलं. त्या निळ्या नखांच्या हाताला. वहिनीने मुलगी त्याच्याकडे दिली. पाळण्याभोवती पश्चिमेचं ऊन पडलं होतं. धाकूने तिथे तिला बघितलं नाही. तो तिला घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेला, तिची चिमुकली मूठ उलगडली आणि तळव्याकडे टक लावून बघत राहिला. बायकांची गाणी थांबली. डॉक्टर बुंदीचा लाडू हातात धरून उभे राहिले.

“गडद आसा,” धाकू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “लिव्हा, माणिकबाय.”